शिदोरी आणि माधुकरी : हवाई क्षेपणास्त्रांच्या दोन वाटा

१/
२९ जुलै २०२० रोजी पहिली पाच राफेल विमाने अंबाल्यात उतरली. तेव्हापासून समाजमाध्यमांवर एक समज घट्ट रुजला आहे : रॉकेटवर चालणारे हवाई क्षेपणास्त्र म्हणजे जुनी पिढी आणि रॅमजेटवर चालणारे ‘मीटिऑर’ म्हणजे नवी पिढी. मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षानंतर पल्ल्यांचे तक्ते पुन्हा फिरू लागले आणि हा समज अधिकच पक्का झाला. तो इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे माझे मत आहे. ते का, हे या थ्रेडमध्ये मांडतो.

२/
मत आधीच स्पष्ट सांगतो. रॅमजेट हा रॉकेटचा वारस नव्हे. विमानांतून सुटणाऱ्या क्षेपणास्त्रांत ही दोन्ही यंत्रे अनेक दशके शेजारी शेजारी नांदत आहेत. कोणत्या देशाने कोणते निवडले, हे त्याच्याकडे कोणते विमान होते, समोर कोणते लक्ष्य होते आणि किती वर्षे थांबण्याची त्याची तयारी होती, यावरून ठरत गेले. म्हणून ‘श्रेष्ठ कोण?’ या प्रश्नापेक्षा ‘हे यंत्र कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते?’ हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

३/
प्रथम तत्त्व समजून घेऊ. कोणतेही इंधन जळायला प्राणवायू लागतो. रॉकेट तो स्वतःबरोबर नेते. आधुनिक घन इंधनाच्या वजनात सुमारे दोन-तृतीयांश भाग अमोनियम परक्लोरेटसारख्या प्राणवायू पुरवणाऱ्या रसायनाचा असतो. म्हणजे क्षेपणास्त्राच्या पोटातील बहुतांश ओझे हे इंधनाचे नसून इंधन जाळण्याच्या सोयीचे असते. घरून भरपूर शिदोरी बांधून निघालेल्या वाटसरूसारखी ही अवस्था आहे : वाटेत कोणाकडे हात पसरावा लागत नाही, पण खांद्यावरचे ओझे मोठे.

४/
रॅमजेट माधुकरीवर जगते. पुढच्या तोंडातून हवा आत येते, क्षेपणास्त्राच्या स्वतःच्या वेगानेच ती दाबली जाते, इंधन जळते आणि तप्त वायू मागून बाहेर पडतो. फिरणारे पाते नाही, पंखा नाही. प्राणवायूचे ओझे वाचल्यामुळे तेवढ्याच वजनाच्या इंधनातून कितीतरी अधिक काम निघते. अभियंते ही काटकसर ‘विशिष्ट आवेग’ या मापाने मोजतात. घन इंधन रॉकेटसाठी हा आकडा सुमारे २५० सेकंद असतो. केरोसीन जाळणाऱ्या रॅमजेटसाठी तो १,००० सेकंदांच्या पुढे जातो.

५/
माधुकरीला मात्र दोन अटी असतात. पहिली : चालत राहिले पाहिजे. रॅमजेट उभ्या जागी सुरू होत नाही. त्याला आधी ध्वनीच्या सुमारे दुप्पट वेगापर्यंत कोणीतरी न्यावे लागते, आणि हे काम बहुधा रॉकेटच करते. दुसरी : वाटेवर घरे असली पाहिजेत. फार उंचावर हवा विरळ होते तसा रॅमजेटचा जोर ओसरतो. रॉकेटला ही चिंता नाही. हवा जितकी विरळ, तितका त्याचा अवरोध कमी. हे दोन मुद्दे लक्षात ठेवा. पुढील इतिहास बराचसा त्यांभोवतीच फिरतो.

६/
आता ‘नवी पिढी’ या शब्दाकडे वळू. रॅमजेटची कल्पना फ्रेंच अभियंता रेने लोराँ याने १९१३ मध्ये मांडली. गॉडार्डचे द्रव इंधनावरचे पहिले रॉकेट उडाले १९२६ मध्ये, म्हणजे त्यानंतर तेरा वर्षांनी. लोराँची अडचण साधी होती : त्याच्या यंत्राला लागणारा वेग त्या काळच्या कोणत्याही विमानाकडे नव्हता. पुढे रेने लदुक या दुसऱ्या फ्रेंच अभियंत्याने ते विमान प्रत्यक्षात आणले. एप्रिल १९४९ मध्ये ते एका मोठ्या प्रवासी विमानाच्या पाठीवरून सोडण्यात आले आणि रॅमजेटच्या बळावर उडाले. स्वतःहून सुरू न होणाऱ्या यंत्राला दुसऱ्या विमानाने उंचावर नेऊन वेग देणे, ही जोडी तेव्हापासूनची आहे.

७/
शीतयुद्धाच्या आरंभी रॅमजेट सर्वत्र दिसू लागले : अमेरिकेचे टॅलोस आणि बोमार्क, ब्रिटनचे ब्लडहाउंड, सोव्हिएत संघाचे क्रुग. ही सारी जमिनीवरून किंवा जहाजावरून सुटणारी अवजड क्षेपणास्त्रे होती. आरंभीचा वेग देणारे बूस्टर रॉकेट वेगळे जोडावे लागे. विमानाच्या पंखाखाली एवढा पसारा मावणे कठीण. या अडचणीवरचा तोडगा सोव्हिएत ‘कुब’ क्षेपणास्त्रात दिसतो. त्यात बूस्टरचे इंधन रॅमजेटच्या ज्वलनकक्षातच भरलेले असे. ते जळून संपले की रिकामी झालेली तीच जागा रॅमजेटची भट्टी बनत असे.

८/
१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात याच कुबने इस्रायली हवाई दलाला पहिल्या दिवसांत हैराण केले. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट ती एकाच पोकळीतून दोन कामे घेण्याची युक्ती. तिच्यामुळे रॅमजेट आटोपशीर झाले आणि विमानाखाली टांगणे शक्य झाले. पुढील काळातील एएसएमपी, केएच-३१ आणि मीटिऑर या तिन्ही हवाई क्षेपणास्त्रांत हीच मांडणी निरनिराळ्या रूपांत आढळते.

९/
आता एकाच कामासाठी दोन देशांनी दिलेली दोन उत्तरे पाहू. काम असे : शत्रूच्या विमानविरोधी तोफा-क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर राहून अण्वस्त्र डागायचे. अमेरिकेचे उत्तर १९७२ मध्ये सेवेत आले : एजीएम-६९ ‘स्रॅम’, सुमारे १,००० किलो वजनाचे, दोन टप्प्यांत पेटणारे घन इंधन रॉकेट. फ्रान्सचे उत्तर १९८६ मध्ये आले : एएसएमपी, सुमारे ८६० किलो, द्रव इंधनाचे रॅमजेट. उंचावरून सोडल्यास स्रॅमचा पल्ला सुमारे १६० किमी, तर एएसएमपीचा सुमारे ३०० किमी.

१०/
तक्ता पाहणारा म्हणेल, फ्रान्स जिंकला. पण विमानांकडे पाहा. एक बी-५२ बॉम्बर २० स्रॅम वाहून नेऊ शकत असे. वाटेतील एकेक रडार आणि क्षेपणास्त्र-तळ उडवत आपला मार्ग मोकळा करायचा, ही त्यामागची कल्पना होती. त्यासाठी सुमारे १,५०० स्रॅम बनवली गेली. फ्रान्सच्या मिराज-४ खाली मात्र एकच एएसएमपी मावे. ज्याच्या भात्यात वीस बाण आहेत, त्याला साधा, झटपट सुटणारा बाण पुरतो. ज्याच्याकडे एकच आहे, त्याने तो दूरवर पोहोचावा यासाठी अधिक खटाटोप करणे शहाणपणाचे. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य होते.

११/
अमेरिकेला रॅमजेट जमत नव्हते म्हणून तिने रॉकेट घेतले, असेही नाही. टॅलोस तिचेच होते. १९७९-८० मध्ये ‘ॲसॅल्म’ या विमानातून सोडायच्या रॅमजेट क्षेपणास्त्राच्या चाचण्या झाल्या आणि त्यांत ध्वनीच्या पाचपटीहून अधिक वेग गाठला गेला. तरी तो प्रकल्प बंद पडला. बी-५२ च्या पोटातली जागा नंतर मिळाली ती लहानशा टर्बोफॅन इंजिनावर, ध्वनीपेक्षाही कमी वेगाने पण फार दूरवर जाणाऱ्या क्रूझ क्षेपणास्त्राला. तंत्रज्ञानाचा इतिहास नेहमी वेगवानाच्या बाजूने निकाल देत नाही, याचे हे ठळक उदाहरण.

१२/
विमानाने विमान पाडण्याचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकी नौदलाचे फिनिक्स (१९७४) हे जवळपास ४५० किलोचे घन इंधन रॉकेट. एफ-१४ विमानातून सुटले की ते २४ किमीहून अधिक उंच चढे, विरळ हवेत आपला वेग राखी आणि वरून लक्ष्यावर झेपावे. पल्ला १८० किमीच्या आसपास, तोही रॅमजेटशिवाय. त्याचे ठरलेले लक्ष्य होते विमानवाहू जहाजांवर चालून येणारी जड सोव्हिएत बॉम्बर विमाने. ती लढाऊ विमानांसारखी गरकन वळू शकत नसत. त्या लक्ष्यासाठी ही रचना चोख होती.

१३/
लक्ष्य चपळ असेल तर गणित बदलते. रॉकेट काही सेकंदांत आपली शिदोरी संपवते. पुढचा सारा प्रवास साठलेल्या वेगावर, एखाद्या फेकलेल्या भाल्यासारखा. हवा सतत वेग खात असते आणि प्रत्येक वळणावर तो आणखी घटतो. शत्रूच्या वैमानिकाला वेळीच सुगावा लागला, तर तो पाठ फिरवून सुसाट निघतो. क्षेपणास्त्र मागे येते, पण शेवटच्या टप्प्यात त्याच्यात वळण्याइतके बळ उरत नाही. म्हणूनच माहितीपत्रकातील पल्ला आणि प्रत्यक्षात धोका असलेले अंतर यांत मोठी तफावत असते.

१४/
ज्या अंतराच्या आत लक्ष्याला कितीही वळले तरी निसटता येत नाही, त्याला ‘नो-एस्केप झोन’ म्हणतात. रॅमजेटचा खरा दावा या क्षेत्रावर आहे. ते इंधन पुरवून पुरवून जाळते, वाटेत हात आखडता घेते आणि अखेरच्या पाठलागासाठी जोर राखून ठेवते. मीटिऑरमध्ये एक झडप ज्वलनकक्षाकडे जाणारा इंधनवायू कमी-जास्त करते. म्हणून शंभर किलोमीटरवर रॅमजेट आणि रॉकेट दोन्ही ‘पोहोचत’ असली, तरी पोहोचल्यावर कोणाच्या अंगात किती त्राण आहे, हा मुद्दा उरतोच.

१५/
हाच वाद ब्रिटनमध्ये रंगला. टायफून विमानासाठी दूर पल्ल्याचे हवाई क्षेपणास्त्र हवे होते. युरोपीय गटाने रॅमजेटवरचे मीटिऑर पुढे केले. अमेरिकेच्या रेथियॉनने ॲमरामची सुधारित, दोन टप्प्यांत पेटणाऱ्या रॉकेटची आवृत्ती देऊ केली : काही इंधन आरंभी, काही अखेरच्या झेपेसाठी राखलेले. ती स्वस्त होती, लवकर मिळणार होती आणि ओळखीच्या क्षेपणास्त्रावर बेतलेली होती. मे २००० मध्ये ब्रिटनने मीटिऑर निवडले.

१६/
या निवडीत भौतिकशास्त्राइतकेच राजकारण होते. क्षेपणास्त्र अमेरिकी असते तर युरोपीय विमान परदेशी विकताना वॉशिंग्टनच्या परवानगीकडे डोळे लावून बसावे लागले असते. या स्वातंत्र्याची किंमतही मोजावी लागली. सहा देशांच्या वतीने विकासाचा करार झाला डिसेंबर २००२ मध्ये. मीटिऑर सर्वप्रथम स्वीडनच्या ग्रिपेनवर सेवेत आले २०१६ मध्ये आणि ब्रिटिश टायफूनवर २०१८ च्या अखेरीस. मधल्या काळात ब्रिटिश टायफून कोणते क्षेपणास्त्र घेऊन उडत होती? तेच रॉकेटवरचे ॲमराम.

१७/
एक लहानशी पण बोलकी नोंद : ॲमराम, मीटिऑर आणि आपले अस्त्र या तिन्हींचा व्यास १७८ मिमी आहे. विमानावरील जागा ठरलेली असते, त्यामुळे क्षेपणास्त्राची कंबरही ठरलेली. त्या मापात काय भरायचे, एवढाच काय तो वाद. रॅमजेटला शिवाय हवा घेणारी तोंडे बाहेर काढावी लागतात. पंखाखाली ती खपून जातात. पण एफ-२२ किंवा एफ-३५ यांच्या पोटातील बंदिस्त कप्प्यात इंचा-इंचाचा हिशेब असतो. ज्या देशाने रडारला न दिसणाऱ्या विमानांवर आपली मदार ठेवली, तो सडपातळ रॉकेटकडे झुकला तर नवल नाही.

१८/
रशियाचे उदाहरण तर दोन्ही बाजूंनी बोलते. केएच-३१ हे रशियाचे रॅमजेट क्षेपणास्त्र रडार आणि जहाजांवर मारा करते. त्याचा वेग इतका धसका घेण्याजोगा होता की अमेरिकी नौदलाने सरावासाठी लक्ष्य म्हणून तेच रशियाकडून विकत घेतले. त्याच रशियाने आर-७७ या हवाई क्षेपणास्त्राची रॅमजेट आवृत्ती १९९० च्या दशकात मांडली, पण ती सेवेत आली नाही. मिग-३१ साठी त्याने अर्ध्या टनाहून जड असे आर-३७एम हे रॉकेटच स्वीकारले. एकाच देशाच्या कारखान्यांनी दोन प्रश्नांना दोन उत्तरे दिली.

१९/
येथे एक आक्षेप रास्त आहे : ‘मग सगळेच बरोबर, कोणीच श्रेष्ठ नाही, असे म्हणायचे का?’ नाही. वळणाऱ्या, पळणाऱ्या लढाऊ विमानाचा मध्यम उंचीवर पाठलाग करायचा असेल आणि क्षेपणास्त्राचे आकारमान वाढवता येत नसेल, तर रॅमजेटचे उत्तर अधिक सरस आहे, असे मला वाटते. दोन टप्प्यांचे रॉकेट त्या उत्तराच्या जवळ जाते, पण तेथपर्यंत पोहोचत नाही. शिदोरीचे दोन भाग केले तरी शिदोरी तेवढीच राहते. मात्र हे श्रेष्ठत्व त्या एका प्रश्नापुरते आहे. फिनिक्सच्या किंवा स्रॅमच्या प्रश्नाला ते लागू पडत नाही.

२०/
आता भारत. आपल्याकडे दोन्ही वाटा एकाच विमानावर येऊन भेटतात. सुखोई-३० वर अस्त्र आहे : सुमारे १५४ किलोचे घन इंधन रॉकेट, ज्याच्या खरेदीसाठी ३१ मे २०२२ रोजी २,९७१ कोटी रुपयांचा करार झाला. त्याच विमानाखाली अडीच टनांचे, रॅमजेटवरचे ब्राह्मोसही जाते, पण एकच. ब्राह्मोस घेऊन सुखोईचे पहिले उड्डाण झाले ते जून २०१६ मध्ये नाशिकच्या एचएएलमध्ये, आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजी ते विमानातून प्रथम डागले गेले. बी-५२ आणि मिराज-४ यांचा धडा येथे एकाच यंत्रात वाचता येतो.

२१/
याहून महत्त्वाची आहे ती ‘एसएफडीआर’ची वाट, म्हणजे मीटिऑरच्या जातकुळीचे घन इंधन रॅमजेट. २०१८ पासून ओडिशातील चांदीपूर येथे त्याच्या चाचण्या होत आल्या आहेत. हैदराबादच्या डीआरडीएलने ते विकसित केले असून पुण्याच्या एचईएमआरएल या प्रयोगशाळेचा त्यात वाटा आहे. त्याच वेळी रडारवर मारा करणाऱ्या रुद्रम मालिकेसाठी मात्र आपण घन इंधन रॉकेट निवडले, जरी त्याच कामाचे रॅमजेटवरचे केएच-३१ आपल्या हवाई दलाकडे आधीपासून होते. याला कोणी धरसोड म्हणेल. मला तो प्रश्नागणिक उत्तर शोधण्याचा प्रयत्न वाटतो.

२२/
मग धोका कोठे आहे? लोकांनी ‘रॅमजेट आले म्हणजे रॉकेट टाकाऊ’ असे मानू लागण्यात. रॅमजेटला वेळ लागतो. सहा श्रीमंत देशांनाही करारापासून पहिल्या सेवेपर्यंत सुमारे चौदा वर्षे लागली. त्या चौदा वर्षांत आकाशात जाणाऱ्या वैमानिकाच्या पंखाखाली जे रॉकेट असते, त्याची संख्या आणि विश्वासार्हता यांवर त्याचा जीव अवलंबून असतो. आणि उलट टोक तितकेच घातक : रॉकेट भागवते आहे म्हणून रॅमजेटचा प्रकल्प अर्ध्यावर थंडावू देणे. ज्याच्या हाती हे तंत्र नसते, त्याला ते विकणाऱ्याच्या अटींवर घ्यावे लागते. ब्रिटनने २००० साली हेच ओळखले होते.

२३/
यंत्रांच्या इतिहासात आपण अनेकदा राजांच्या इतिहासातली चूक करतो : एकाला गादीवरून उतरवून दुसऱ्याला बसवतो. १९१३ ची कल्पना २०१६ मध्ये सेवेत येते आणि शतकानुशतके जुने घन इंधन रॉकेट आजही अत्याधुनिक विमानांच्या पोटात असते, हे त्या मांडणीत बसत नाही. पुढच्या वेळी नव्या क्षेपणास्त्राची बातमी आली की पल्ल्याच्या आकड्याआधी तीन गोष्टी विचारा : ते कोणत्या विमानाखाली किती मावते? त्याचे लक्ष्य वळणारे आहे की नाही? आणि ते तयार होईपर्यंत कोणते अस्त्र हाती आहे?

२४/
थ्रेड येथे संपतो. एएसएमपी आणि स्रॅमची तुलना अन्यायकारक वाटत असेल, किंवा दोन टप्प्यांच्या रॉकेटला मी कमी लेखले असे वाटत असेल, तर खाली जरूर लिहा. आकड्यांसह प्रतिवाद आला तर त्याचे स्वागतच आहे. फक्त त्या आकड्याशेजारी विमानाचे नाव आणि सोडण्याची उंची लिहायला विसरू नका.